नव्या गाडीला फिल्म किती लावावी?

नवी गाडी दारात आली की पेढ्यांपाठोपाठ प्रश्न येतो : रंग जपायला पारदर्शक फिल्म लावायची का, आणि लावायची तर किती? विकणारा बहुधा ‘पूर्ण गाडीला’ म्हणतो. चांगली फिल्म पूर्ण गाडीला लावायची तर खर्च सहज लाखाच्या घरात जातो. म्हणून आधी ही फिल्म करते काय, ते पाहू.

ही पॉलियुरेथेनची लवचिक फिल्म. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराने हेलिकॉप्टरची पाती वाचवायला अशी फिल्म वापरली होती. गाडीवरची फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड असते. गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरतात. म्हणूनच ती उडालेला खडा झेलते. चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उबेने मिटतात. पण स्कूटरचं हँडल लागून पडणारा पोचा तिला थांबवता येत नाही. सिरॅमिक कोटिंगचा थर तर फारच पातळ. त्याने गाडी धुवायला सोपी जाते, खडा अडत नाही.

मग खडे लागतात कुठे? मी बाळकुमला राहतो. कशेळीच्या पुलावरून भिवंडीकडे निघा किंवा घोडबंदर रस्त्याला लागा, पुढे कंटेनर नाहीतर डंपर असतोच. त्याच्या चाकांखालची खडी येते ती समोरून. बंपर, बॉनेटची पुढची कड, आरसे आणि काचेलगतची टपाची कड मार खातात. टपाचा बाकीचा भाग आणि डिकी बहुधा सुखरूप राहतात.

यातही फरक आहे. बंपर प्लॅस्टिकचा, तो गंजत नाही आणि पुन्हा रंगवणं तुलनेने स्वस्त. बॉनेट बहुतेक गाड्यांत पोलादी पत्र्याचं. रंगाचा टवका पत्र्यापर्यंत गेला, की खाडीकाठच्या दमट हवेत गंज धरतो. शिवाय कारखान्यात रंग साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजतात. गॅरेजमध्ये गाडीतलं प्लॅस्टिक, रबर, वायरिंग सांभाळून ६० अंशांच्या आसपास थांबावं लागतं. मूळ रंग एकदा गेला की तसा परत मिळत नाही.

म्हणून माझा हिशेब असा : पैसे बेताचे असतील तर पहिला मान बॉनेटचा, आणि तेही पूर्ण. अर्ध्यावर लावली तर जोडाच्या रेषेत धूळ बसते. मग बंपर, आरसे, दारांच्या कडा आणि हँडलमागच्या खोबणी. गाडी गावातच फिरत असेल, तर शेवटच्या दोन जागा पुरेत. रोज महामार्ग असेल आणि गाडी दहा वर्षं ठेवायची असेल, तरच पूर्ण गाडीचा विचार करावा. फिल्म मॉडेलच्या मापाने आधीच कापलेली मागावी; गाडीवर ब्लेड चालवलं तर जपायचा तो रंगच चिरतो.

पैसे भरण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन-चार वर्षं जुन्या गाड्यांची बॉनेटं निरखून पाहा. तुमच्याच रस्त्यांवर फिरलेल्या त्या गाड्या कुठे टवके उडालेत ते दाखवतील. फिल्म तिथे लावा.