गोळ्या किती? आधी काट्यावर उभे राहा

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत. तिथे मिलिग्रॅमचाही हिशेब असतो. दवाखान्यात मात्र केसपेपरवर पेशंटचं वजन कित्येकदा नुसतं विचारून लिहिलं जातं, आणि चूक शिरते ती तिथेच.

क्षयरोगाचं उदाहरण घ्या. सरकारी उपचारात पहिले दोन महिने चार औषधांची एकत्रित गोळी रोज मिळते. प्रौढांमध्ये ३५ ते ४९ किलोला तीन गोळ्या, ५० ते ६४ किलोला चार. ४९ किलोच्या कामगाराने अंदाजाने ५२ सांगितलं, की रोज एक गोळी जास्त! मात्रा कमी पडली तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. जास्त झाली तर यकृतावर ताण येतो. उपचारात वजन वाढतं, म्हणून ते दर महिन्याला करायचं.

जव्हार-मोखाड्याच्या कुपोषणग्रस्त भागात प्रश्न आणखी नाजूक. पाच वर्षांचं मूल साधारण १८ किलोचं धरतात. कुपोषित मूल १२ किलोचंही असतं. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम धरलं, तर एका वेळी २७० ऐवजी १८०. वयावरून चमचा भरणं इथे धोक्याचंच.

उंचीही हवी. कर्करोगाच्या अनेक औषधांची मात्रा उंची-वजनावरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते.

तेव्हा चपला काढा, खिसे रिकामे करा, काटा शून्यावर आहे ना ते बघा. आणि वजन न करताच कोणी आकडा लिहीत असेल, तर बेधडक काटा मागा.