अर्धा दिवस स्पॅनिशचा

१९६३ साली अमेरिकेतल्या मायामी शहरात 'कोरल वे' या सरकारी प्राथमिक शाळेने दिवसाची दोन भागांत वाटणी केली. निम्मे तास इंग्रजीतून, निम्मे स्पॅनिशमधून. सकाळी आपापल्या मातृभाषेतून जे शिकायचं, तेच दुपारी दुसऱ्या भाषेतून घोटून पक्कं करायचं. डबा खाताना, गाण्याच्या तासाला आणि मैदानावर मात्र सगळी मुलं एकत्र.

१९५९च्या क्रांतीनंतर क्युबा सोडून आलेली हजारो कुटुंबं तेव्हा मायामीत राहत होती. आज ना उद्या मायदेशी परतू, अशी त्यांना आशा होती; तोवर मुलांचं स्पॅनिश सुटू नये, ही काळजीही होती. त्यांच्यातच तिकडे शिक्षकी केलेली माणसं होती. फोर्ड फाउंडेशनने पैसे दिले, क्युबन शिक्षक वर्गात उभे राहिले. विशेष म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या घरांनीही आपली मुलं या शाळेत घातली. पुढे चाचण्या घेतल्या, तेव्हा ही मुलं इंग्रजीत किंवा गणितात इतरांच्या मागे पडलेली नव्हती.

हे धाडस केवढं होतं, ते टेक्सासकडे पाहिलं की कळतं. मार्फा गावच्या ब्लॅकवेल शाळेत मेक्सिकन वंशाची मुलं शिकत. १९५४ साली त्यांच्याकडून 'मी स्पॅनिश बोलणार नाही' अशा चिठ्ठ्या लिहून घेतल्या गेल्या आणि शाळेच्या आवारात त्या चक्क पुरण्यात आल्या. चुकून घरची भाषा तोंडून निघाली तर शिक्षा. लहान मुलाला आपल्या आईच्या बोलीची लाज वाटायला लावणं, याहून क्रूर धडा कुठला? ती शाळा आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

युटा राज्यातल्या काही शाळांत आज पहिलीतल्या मुलांना गणितच स्पॅनिशमधून शिकवलं जातं. आधी व्याकरण, मग बोलणं, असा क्रम इथे नाही. बाई 'सिंको' म्हणत पाच ठोकळे मांडतात, दोन उचलतात, किती उरले ते हातवाऱ्यांनी विचारतात. मुलं 'त्रेस' म्हणतात. बाई इंग्रजीचा शब्दही काढत नाहीत, त्यामुळे समजून घेतल्यावाचून मुलांना गत्यंतर नसतं. आठवड्यातून एकदोनदा अर्धा तास रंगांची नि फळांची नावं पाठ करून घेण्यापेक्षा हे कितीतरी भरीव आहे. वाचनही लवकर जमतं, कारण स्पॅनिशमध्ये स्वर पाचच आणि लिहिलेलं बहुतेक तसंच उच्चारलं जातं. तिथल्या मराठी घरांतल्या मुलांना तर त्यातले 'त' आणि 'द' आयतेच येतात.

अडचणी आहेतच. सुट्टीची घंटा झाली की मुलं आपसांत इंग्रजीवर येतात. कोरल वेतही हेच दिसलं होतं. राजकारणही आड येतं: कॅलिफोर्नियाने १९९८ साली मतदानाने द्वैभाषिक शिक्षणावर कडक निर्बंध घातले, ते २०१६ साली मतदानानेच उठवले. निर्बंध उठले, तरी अशा वर्गांसाठी शिक्षक सहजी मिळत नाहीत. गणित शिकवता येणं आणि स्पॅनिश अस्खलित बोलता येणं, दोन्ही एकाच माणसात हवं. म्हणून काही राज्यं थेट स्पेनहून शिक्षक बोलावून घेतात.