गाणं काय बघायचं असतं?

जिंतूर तालुक्यातील चारठाण्यास जे गेले असतील त्यांना तेथला उंच, कोरीव दगडी खांब आठवत असेल. श्रोतेहो, तो खांब रेडिओवरून सांगावयाचा म्हटले तर पंधरा मिनिटे अपुरी पडतील, आणि तरीही तुमच्या मनात उभा राहील तो वेगळाच. उलट जात्यावरची ओवी डोळे मिटून ऐकली तरी पुरी पोचते. कानाची आणि डोळ्याची कामे अशी वाटलेली आहेत, असे आपण समजत आलो.

त्या भागातले माझे एक स्नेही, निवृत्त गुरुजी, याच मताचे. गावोगावची भजने, भारुडे, कीर्तने त्यांनी टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतली. कॅसेटींनी पत्र्याची एक पेटी भरली. मोबाइलवर चालती चित्रे आली तेव्हा मी म्हटले, "गुरुजी, आता चित्रफीतही घेत चला." ते म्हणाले, "अहो, गाणं काय बघायचं असतं?"

हा हट्ट एकट्या गुरुजींचा नव्हे. ज्यांना आपण कौतुकाने कानसेन म्हणतो, ती मंडळी इंटरनेटवरच्या चित्रफितीकडे उशिराच वळली. आणि त्याला कारणे होती. यूट्यूब 2005 साली सुरू झाले. प्रारंभी तेथला आवाज फार दाबून, एकाच वाहिनीत बसविलेला असे. ज्याचा कान तंबोऱ्याच्या आसेवर पोसला आहे त्याला तो कसा रुचावा? शिवाय 2006 पासून 2010 पर्यंत सामान्य माणसाला दहा मिनिटांहून लांब चित्रफीत चढविता येत नसे. पाऊण तासाच्या ख्यालाचे तुकडे करावे लागत. गंमत अशी, की 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची एक बाजू साडेतीन मिनिटांच्या आसपास संपते. ती मात्र अख्खी मावे! तेव्हा काही संग्राहकांनी फिरत्या तबकडीवरच कॅमेरा रोखला. चित्र आपले नावाला.

खेड्यातली अडचण आणखी साधी होती. मिनिटभराचे बोलणे सुमारे अर्ध्या एमबीत बसते, तर साध्या चित्रफितीला तेवढ्याच वेळासाठी तीन-चार एमबी लागतात. म्हणजे आवाजाची एक गोणी, तर चित्राच्या सात-आठ. आणि रस्ता तोच, एका गाडीचा. सप्टेंबर 2016 मध्ये जिओची सेवा आली, दर कोसळले, तेव्हा हा रस्ता रुंद झाला. पण कापूस वेचणाऱ्या बाईचे हात आणि डोळे काही त्याने मोकळे झाले नाहीत. ऐकत वेचता येते, पाहत वेचता येत नाही. रेडिओ टिकला तो याच जोरावर, असे माझे मत आहे.

नव्या साधनापुढे गाण्यातली माणसे अडली, हे काही पहिल्यांदाच घडले नाही. नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्यास गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले. पण पुढे वीस वर्षे हयात असलेले भास्करबुवा बखले एकही तबकडी मागे न ठेवता 1922 साली गेले. आज त्यांच्या गाण्याविषयी आपण वाचतो, ऐकू शकत नाही.

म्हणून ओव्यांची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. आधी त्या कागदावर उतरल्या, मग काही हजारांचे ध्वनिमुद्रण झाले. पुढे 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हे काम हाती घेतले, आणि गाणाऱ्या बायांची चित्रफीत त्यानंतर आली. कागद, आवाज, चित्र, असा हा क्रम. आवाजात ओवी होतीच. पण खुंट्याला दोघींचे हात कसे लागतात, घास कोण घालते, जाते फिरताना ओळ कुठे तुटते आणि दुसरी ती कशी उचलते, हे डोळ्यालाच कळते. घरोघरी जाती बंद पडल्यावर ते कुणाला सांगून कळणार?

गेल्या वर्षी गुरुजींनी पेटी उघडली. काही फितींवर पांढरी बुरशी. अशी फीत घरच्या यंत्रावर लावू नये. यंत्राचे डोके खराब होते आणि पुढची चांगली फीतही बिघडते. जाणत्याकडून ती साफ करून, मगच तिची संगणकावर नक्कल घ्यावी, आणि नकला दोन ठिकाणी ठेवाव्यात. तरीसुद्धा एका भारुडाचा आवाज गेला तो गेलाच. गाणारे म्हातारबाबा मात्र अजून होते. गुरुजी नातवाला घेऊन त्यांच्या ओसरीवर गेले. पंखा बंद केला, मोबाइल आडवा धरून दोन हातांवर ठेवला, आणि सगळे भारूड घेतले. बाबांनी सोंगाच्या वेळी पदर डोक्यावर घेतला. जुन्या फितीत तो कधी दिसलाच नव्हता.

"पुन्हा पाहिलंत का?" मी विचारले.

"रोज ऐकतो," गुरुजी म्हणाले. मोबाइल त्यांनी खाटेवर पालथा ठेवला होता.