टपावरचा बोर्ड

"हे काय होय जी? दार होय का?"

नागपूरच्या जरीपटक्यातल्या कार ॲक्सेसरीजच्या दुकानासमोर वॅगनआर थांबली, की फिटर पोरगा पहिल्यांदा हेच विचारतो. त्याचं चुकत नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेल्या या भागात गाडीच्या टपावर मार्चमध्ये कूलर चढतो, लग्नसराईत गाद्या चढतात. पॅडलबोर्ड कोण आणतं? उभं राहून वल्हवायची ही फळी साडेदहा फूट लांब, बत्तीस इंच रुंद, वजनाला जेमतेम दहा-बारा किलो. तिला जायचंय रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर, पन्नासेक किलोमीटर.

दुकानदार आधी काढतो ते टोपलीसारखं लोखंडी कॅरियर, सुमोच्या जमान्यातलं. मजबूत असतं, पण बोर्ड त्यात मावत नाही. कडांवर आडवा पडतो आणि घासतो. दुसरी चीज जास्त फसवी: टेपने चिकटवायच्या चंदेरी रेल्स. त्या निव्वळ शोभेच्या. त्यांना काही बांधणं म्हणजे कपाळावरच्या टिकलीला पिशवी अडकवणं.

"पन्नास किलो आरामात झेलते," दुकानदार सांगतो, आणि गिऱ्हाईकही मान डोलावतं. गफलत होते ती इथेच. दहा किलो कुठलंही कॅरियर झेलेल. कस लागतो तो वाऱ्यापुढे. वेग दुप्पट झाला, की वाऱ्याचा जोर चौपट होतो. गावात चाळीसने गपगुमान आलेला बोर्ड हायवेवर ऐंशीला पतंगासारखा उचल खातो. तेव्हा दांडी किती जाड आहे हे ठोकून बघण्यापेक्षा ती टपाला कुठे नि कशी धरते, ते वाकून बघावं.

जुन्या ॲम्बेसेडरला, ओम्नीला टपाच्या कडेने पन्हळ असायची. चिमटा तिच्यात बसला की काम झालं. आताच्या बहुतेक गाड्यांना पन्हळ नाही. तिथे दाराच्या चौकटीत अडकणारा, रबर लावलेला चिमटा लागतो, आणि तोही त्याच मॉडेलच्या मापाचा. 'सगळ्या गाड्यांना बसते' म्हणून गळ्यात मारलेला चिमटा रंग खरवडतो, दार नीट लागू देत नाही, आणि पावसात पाणी आत. मापाच्या ॲल्युमिनियमच्या दोन आडव्या दांड्या चार-पाच हजारांच्या आसपास पडतात. 1942 मध्ये सुरू झालेल्या थुले या स्वीडिश कंपनीचा संच मागितला, तर आकडा सहज वीस हजारांपुढे जातो. वर्षातल्या आठ-दहा खेपांसाठी एवढा खर्च कशाला?

दांड्यांवर गादीही महागाची नको. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम उभा चिरून गुंडाळला, की झालं.

बांधायला नायलॉनची दोरी नको. ती ताणते आणि वाटेत सैल पडते. ट्रकवाले वापरतात तो रॅचेटचा पट्टाही नको, कारण जोर जास्त झाला तर कडक बोर्ड चरचरून तडकतो. हाताने ओढायचा साध्या बकलचा पट्टा पुरतो. पट्ट्याला एक पीळ द्यायचा, नाहीतर तो वाऱ्यात भुणभुणत राहतो. बोर्ड पालथा ठेवायचा. शेपटीची फिन काढता येत नसेल तर ती वर आणि पुढच्या बाजूला.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनुसार माल मर्यादेबाहेर पुढे, मागे किंवा बाजूला निघाला तर दंड 20,000 रुपये, म्हणजे दांड्यांच्या किमतीच्या चौपट. वॅगनआर 3,655 मिलिमीटर लांब, साडेदहा फुटी बोर्ड 3,200 चा; तो गाडीच्या लांबीच्या आतच राहतो. शर्यतीचा साडेबारा फुटी बोर्ड मात्र गाडीहून वीतभर लांब भरतो.

खरं तर स्वस्तातलं स्वस्त कॅरियर म्हणजे गाडीची डिकी. हवेचा बोर्ड गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत मावतो, आणि तलावावर पंपाने पंधरा पीएसआयपर्यंत भरता येतो. नवख्याने तोच घ्यावा. मात्र तो फुगवून टपावर बांधू नये. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसला टेकतो, आतली हवा फुगते आणि जोड उसवतात.

कडक बोर्डच असेल, तर कामठी ओलांडल्यावर कन्हानच्या पुलाआधी गाडी कडेला घ्या आणि दोन्ही पट्टे एकदा ओढून बघा. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये ते थोडे ढिले पडतातच.