रिबन लावलीत, पुढे काय?

ऑक्टोबर म्हणजे स्तनाच्या कॅन्सरविषयी जागरूकतेचा महिना. त्यामुळे तुमच्या फीडमध्ये एव्हाना गुलाबी रंग उतरलाच असेल. कॉलेजची रॅली, ऑफिसमधला ‘पिंक डे’, मैत्रिणीच्या स्टोरीवरची गुलाबी फ्रेम आणि टी-शर्टवर टोचलेली ती छोटीशी रिबन. ही रिबन पूर्वापार आहे असं आपल्याला वाटतं. पण तसं नाहीये. ती १९९२ची आहे, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या थोरल्या ताईच्या वयाची! आणि तिच्यामागे कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या एका बाईने केलेली पैशांची मागणी आहे.

तिचं नाव एव्हलिन लॉडर. जन्म १९३६, व्हिएन्नाचा. हिटलरच्या सैन्याने ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यावर हे ज्यू कुटुंब देश सोडून पळालं आणि इंग्लंडमार्गे न्यूयॉर्कला पोहोचलं. एव्हलिन शिकली, शाळेत शिक्षिका झाली आणि लग्नानंतर एस्टी लॉडर या सासरच्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत काम करू लागली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिला स्तनाचा कॅन्सर झाला. लवकर कळला, उपचार झाले, ती बरी झाली. बरी झाल्यावर तिने निधी उभा करण्याचं काम हाती घेतलं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात तिने उभ्या केलेल्या निधीतून स्तनाच्या कॅन्सरसाठी खास केंद्र सुरू झालं.

आधी रंग पीच होता

आता जरा ट्विस्ट. रिबनची मूळ कल्पना एव्हलिनची नव्हतीच. कॅलिफोर्नियात शार्लट हेली नावाची ६८ वर्षांची एक बाई होती. तिच्या आजीला, बहिणीला आणि मुलीला हा आजार झाला होता. ही आजी घरच्या टेबलावर बसून पीच रंगाच्या रिबिनी बनवायची आणि पाच-पाच रिबिनी एका कार्डासोबत वाटायची. कार्डावर थेट मुद्दा असायचा: राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या वर्षाच्या १.८ अब्ज डॉलरच्या बजेटमधला जेमतेम पाच टक्के पैसा आजार टाळण्याच्या कामावर खर्च होतो, ही रिबन लावा आणि लोकप्रतिनिधींना जागं करा.

१९९२मध्ये ‘सेल्फ’ मासिकाच्या संपादक अलेक्झांड्रा पेनी आणि एव्हलिन यांना अशीच रिबन देशभर न्यायची होती. मासिकाने शार्लटला विचारलं. तिने चक्क नकार दिला. हे फार धंदेवाईक होईल, असं तिचं म्हणणं. मग वकिलांच्या सल्ल्याने रंग बदलला आणि पीचची झाली गुलाबी.

त्या वर्षी एस्टी लॉडरच्या काउंटरवरून १५ लाख रिबिनी वाटल्या गेल्या. सोबत स्वतःची तपासणी कशी करायची, हे सांगणारं कार्ड होतं. आणि संशोधनासाठी सरकारने जास्त पैसा द्यावा, या मागणीवर दोन लाखांहून जास्त सह्या गोळा झाल्या. पुढच्याच वर्षी, १९९३मध्ये, एव्हलिनने ब्रेस्ट कॅन्सर रिसर्च फाउंडेशन सुरू केलं. २०११मध्ये ती गेली, तोवर या संस्थेने ३५ कोटी डॉलरहून अधिक निधी जमवला होता.

शार्लटची भीती खोटी ठरली का? नाही. आज लिपस्टिकपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळं ऑक्टोबरमध्ये गुलाबी होतं आणि त्यातला किती पैसा संशोधनाकडे जातो, हे पाकिटावर क्वचितच लिहिलेलं असतं. पण एव्हलिनने पैसा उभा केला, हेही तितकंच खरं.

पैसा लागतोच कशाला?

त्याचं उत्तर आपल्या परळमध्ये सापडतं. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८पासून मुंबईतल्या दीड लाखांहून जास्त बायकांवर एक अभ्यास केला. निम्म्या बायकांची स्तनतपासणी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी केली. मशीन नाही, फक्त हाताने. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मात्र असा फायदा दिसला नाही. हेही कळणं महत्त्वाचंच, कारण तपासणीचा पैसा आणि मनुष्यबळ कुठे लावायचं ते त्यावरून ठरतं.

दुसरा अभ्यास डॉ. राजेंद्र बडवे यांच्या टीमचा. ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं. हो, दात काढताना बधिर करायला देतात तेच! ११ रुग्णालयांत १,६०० बायकांवर हा प्रयोग झाला. पाच वर्षांनी इंजेक्शन दिलेल्या गटातल्या ९०.१ टक्के बायका जिवंत होत्या, न दिलेल्या गटातल्या ८६.४ टक्के.

आता विचार करा. इतक्या स्वस्त औषधावरच्या दहा-बारा वर्षांच्या प्रयोगाला कुठली औषध कंपनी पैसे देईल? तिचा त्यात फायदा काय? असं संशोधन सरकारी पैशावर आणि लोकांच्या देणगीवरच उभं राहतं. म्हणूनच एव्हलिनने रिबनसोबत सह्या गोळा केल्या आणि शार्लटने रिबनसोबत बजेटचा आकडा छापला.

भारतात २०२२मध्ये सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार झाला आणि सुमारे ९८ हजार दगावल्या. आपल्याकडे उशीर होतो तो बऱ्याचदा लाजेपोटी. ‘स्तन’ हा शब्दच घरात उच्चारला जात नाही. गाठ दुखत नसते, म्हणून आई ती अंगावर काढते. मग लग्नसराई, मग परीक्षा, मग दिवाळी... डॉक्टरकडे जायचं राहूनच जातं.

तर मित्रमैत्रिणींनो, या महिन्यात तीन गोष्टी करा. एक, आई, मावशी, आजीशी बोला. स्तनात किंवा काखेत गाठ, कातडीला खळी पडणं, स्तनाग्र आत ओढलं जाणं किंवा त्यातून रक्त येणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण ते ठरवायचं डॉक्टरने. (मुलांनो, हा आजार क्वचित पुरुषांनाही होतो, त्यामुळे हे पान उलटू नका.) दोन, गुलाबी वस्तू घेताना दुकानदाराला किंवा ब्रँडच्या पेजवर विचारा: यातले किती रुपये, कुठल्या संस्थेला? उत्तर नसेल, तर तेच पैसे थेट कॅन्सर रुग्णालयाला द्या. तीन, कॉलेजची रॅली काढताय ना? मग सोबत निधीचा डबाही फिरवा, आणि जमलेला आकडा नंतर नोटीस बोर्डावर लावा.

रिबन लावा, नक्की लावा. फक्त ती लावणाऱ्या पहिल्या दोघी काय मागत होत्या, तेवढं विसरू नका.