होकायंत्राची फसगत

१८५४ सालच्या जानेवारीत ‘टेलर’ नावाचे लोखंडी बांधणीचे एक नवे शिडाचे जहाज इंग्लंडातील लिव्हरपूल बंदरातून ऑस्ट्रेलियाकडे निघाले. ही त्याची पहिलीच सफर. आपण दक्षिणेकडे चाललो आहोत, अशी नाविकांची समजूत होती. प्रत्यक्षात जहाज पश्चिमेस, आयर्लंडच्या किनाऱ्याकडे, सरकत होते. तिसऱ्या दिवशी ते खडकावर आदळून बुडाले व तीनशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. या अपघाताची कारणे अनेक होती. परंतु होकायंत्राची फसगत हे त्यांतील एक प्रमुख कारण होय.

चुंबकसूची मोठी आज्ञाधारक असते. पण आज्ञा कोणाची, हे तिला ओळखता येत नाही. पृथ्वीप्रमाणेच जवळचे लोखंडही तिला ओढते. शिवाय जहाज बांधताना ते महिनोन्‌महिने एकाच दिशेस तोंड करून उभे असते. त्यावर पडणाऱ्या घणांच्या घावांनी त्याचे पत्रे स्वतःच चुंबक बनतात. १८३८ साली एअरी या इंग्रज शास्त्रज्ञाने ‘रेनबो’ या लोखंडी आगबोटीवरील होकायंत्राजवळ चुंबक व लोखंडाचे तुकडे बसवून ही बाधा काढून दाखविली.

आजच्या इलेक्ट्रॉनिक होकायंत्रात सुई नसते. परस्परांशी काटकोनात बसविलेले सूक्ष्म संवेदक चुंबकीय ओढ मोजतात. यंत्र नवे झाले, म्हणून बाधा टळली असे मात्र नव्हे. इंजिन, नांगराची साखळी, ध्वनिक्षेपकातील चुंबक, ही सारी मंडळी संवेदकाच्या कानाशी कुजबुजतच असते.

उपाय सोपा आहे. वारा पडलेला असताना, लोखंडी पूल व इतर नौका यांपासून दूर, मोकळ्या पाण्यात नाव न्यावी. यंत्रास शुद्धीकरणाची सूचना द्यावी आणि नाव अगदी संथपणे गोल फिरवावी. मोटारीचे होकायंत्रही मोकळ्या मैदानात असेच फिरवून शुद्ध करतात.

या प्रदक्षिणेने काय साधते? नाव फिरू लागली की, किनाऱ्यावरचे देऊळ कधी समोर येते, कधी पाठीमागे जाते. नावेत बसलेला नाखवा मात्र आपल्या जागीच दिसतो. पृथ्वीची ओढ त्या देवळासारखी, आणि नावेतील लोखंडाची ओढ नाखव्यासारखी. पूर्ण फेरा झाला की, न फिरलेली ओढ घरची आहे हे यंत्र ओळखते व ती वजा करते. मोजमापांचे ठिपके कागदावर मांडले, तर हेच डोळ्यांना दिसते. शुद्ध होकायंत्राच्या ठिपक्यांचे वर्तुळ मध्यबिंदूभोवती पडते. लोखंडाच्या चुंबकत्वाने ते बाजूस सरकते. काही लोखंड पृथ्वीच्या ओढीनेच तात्पुरते चुंबक बनते. त्यामुळे वर्तुळ चेपून लांबट होते. सरकलेले वर्तुळ जागेवर आणणे व चेपलेले गोल करणे, एवढेच शुद्धीकरण.

हा हिशेब लोखंड जागचे न हलेल तोवरच खरा. फेरीनंतर कोणी हत्यारांची पेटी होकायंत्राशेजारी ठेवली, की सारे श्रम फुकट!

क्षणोक्षणी बदलणारी बाधा तर अशी वजाच करता येत नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत असत. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्यांचा वीजप्रवाह घडीघडीला कमी-अधिक होणार. त्याचा हिशेब कोणी व कसा ठेवावा? म्हणून १९०४ साली अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली, आणि तिची इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळण्यात आले.