ऑनलाइन जोडकमाई : आधी व्हिसा, मग व्यवसाय

रात्री दोन तास ऑनलाइन शिकवणी घेऊन चार पैसे अधिक जोडावेत, हा विचार अमेरिकेतील अनेक मराठी घरांत डोकावतो. मात्र एच-१बी व्हिसाधारकास ज्या कंपनीने त्याच्यासाठी अर्ज केला, तिचेच काम करता येते. शिकवणी वा फ्रीलान्सिंग हा अटींचा भंग ठरू शकतो आणि त्याची झळ पुढे ग्रीन कार्डाच्या अर्जास लागू शकते. बँकेतील व्याज, समभागांवरील लाभांश यांस आडकाठी नाही. तेथे श्रम नव्हे, भांडवल कमावते. २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना कामाचा परवाना मिळतो. ग्रीन कार्डधारकांस मुभा आहेच. तथापि स्वयंरोजगाराचे निव्वळ उत्पन्न वर्षाला ४०० डॉलर झाले, की करविवरणपत्र भरणे बंधनकारक असते. म्हणून पहिला ग्राहक शोधण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा.